कारण नसताना मेलेलं मांजर

डिसेंबर २०१५ मध्ये ‘ड्वार्फ फोर्ट्रेस’ या गेमच्या बगांच्या, म्हणजे प्रोग्रॅममधल्या चुकांच्या, नोंदवहीत एका खेळाडूची तक्रार आली. मांजर काही कारण नसताना मरतंय, असा तिचा मथळा. त्या महिन्याच्या सुरुवातीला गेमची नवी आवृत्ती आली होती आणि तिच्यात पहिल्यांदाच गुत्ते आले होते. डोंगर पोखरून राहणारे बुटके दिवसभराची हमाली संपवून गुत्त्यात बसायला लागले, गायला-नाचायला लागले, प्यायला लागले. आणि गुत्त्याच्या फरशीवर ओकारीच्या थारोळ्यात मेलेली मांजरं सापडायला लागली. लढाई नाही, रोग नाही, उपासमार नाही. गेम लिहिणाऱ्या टार्न ॲडम्सने मागोवा काढला तेव्हा प्रकार कळला. पिताना बुटक्यांच्या हातून दारू सांडत होती. मांजर तिथून गेलं की पंजे भिजत होते. मांजरं स्वतःला चाटून साफ करतात, ही सोय त्याने बरीच आधी करून ठेवली होती. चाटलं की अंगावरचं पोटात जाणार, हेही ओघाने आलंच. फक्त पंजाला लागलेला तो ओलावा हिशेबात अख्खा पेला म्हणून धरला जात होता. नशा किती चढणार हे अंगाच्या आकारावर ठरतं, हा नियमही गेममध्ये बरोबर लिहिलेला होता. बुटक्याला जो पेला किरकोळ, तो मांजराच्या जिवावर बेतत होता.

हा किस्सा आता गेम बनवणाऱ्यांच्या बैठकांत हसण्यासाठी सांगितला जातो. हसू येतंच. पण त्यातली एक गोष्ट कुसळासारखी टोचत राहते, आणि ती मांजराची नाही. तक्रार करणाऱ्याने दारूचं प्रमाण कमी करा असं लिहिलं नव्हतं. गुत्ते काढून टाका, मांजरांची ताकद वाढवा, असं काहीही लिहिलं नव्हतं. दिसलं ते लिहिलं. कारण ठाऊक नव्हतं, तर कारण नाही असं लिहिलं. वर्षानुवर्षं एकच गेम खेळलेल्या माणसाला, ज्याच्याकडे प्रत्येक गोष्टीवर दोन-चार ठाम मतं तयार असतात, इतकं कोरं राहणं जमतं कसं?

गेममध्ये चाहत्यांना सामील करून घ्या, हे वाक्य आता इतकं गुळगुळीत झालंय की त्याचा अर्थ कुणी विचारत नाही. बहुतेक ठिकाणी त्याचा अर्थ होतो मतं गोळा करणं. नवीन तलवार आवडली का, पाचपैकी किती तारे, पुढच्या अपडेटमध्ये काय हवं. मतं फुकट मिळतात आणि ढिगाने मिळतात. चाहत्याकडे मागण्यासारखी खरी गोष्ट दुसरी असते, ती म्हणजे साक्ष. तू कुठे उभा होतास, काय केलंस, मग काय झालं. कोर्टात साक्षीदाराला शिक्षा किती द्यायची ते विचारत नाहीत, तसंच काहीसं.

मांजराच्या प्रकरणात प्रत्येक तुकडा आपापल्या जागी शहाणा होता. सांडणं, भिजणं, चाटणं, चढणं. वेगवेगळ्या वेळी लिहिलेले हे नियम त्या डिसेंबरात गुत्त्याच्या फरशीवर पहिल्यांदा एकत्र आले. नियम दहा असतील तर दोन-दोनच्या जोड्या पंचेचाळीस होतात. शंभर असतील तर ४,९५०. इथे तर चार नियमांची साखळी होती, आणि या गेममध्ये नियम शंभरावर थांबत नाहीत. तेव्हा सगळा कोड एकटा टार्न लिहीत होता, भाऊ झॅक कथा आणि रचनेच्या बाजूला. एका माणसाने टेबलाशी बसून हे सगळे गुणाकार तपासणं केवळ अशक्य. दोनशे बुटक्यांची वस्ती, तिच्यात पाळीव जनावरं, आणि अशा हजारो वस्त्या हजारो घरांत रात्र-रात्र चालू, तेव्हा कुठे असलं मांजर सापडतं. त्यातही मांजर मेलं तर मेलं म्हणून पुढे न जाता थांबणारा माणूस लागतो. चाहता आणि नुसता खेळाडू यांच्यात फरक करायचा तर मी तो इथे करेन. चाहत्याला मांजराचं मरण खटकतं, कारण या जगात विनाकारण काही होत नाही यावर त्याचा विश्वास असतो.

पण खटकणं आणि नीट कळवणं यांत बरंच अंतर आहे. उपयोगी तक्रारीत काय लागतं ते कोरडं वाटेल, तरी सांगायला हवं. बिल्डचा, म्हणजे गेमच्या त्या-त्या आवृत्तीचा, पूर्ण क्रमांक, ‘लेटेस्ट’ हा शब्द नव्हे, कारण तक्रार वाचली जाईपर्यंत लेटेस्ट बदललेलं असतं. बग घडायच्या आधीची सेव्ह फाइल. घडून गेल्यानंतरची फाइल म्हणजे नुसता पंचनामा, तिच्यात प्रेत असतं, खून नसतो. म्हणून ऑटोसेव्ह दर पाच-दहा मिनिटांनी आणि मागच्या किमान तीन फाइली राखून, अशी सोय टेस्टिंगच्या बिल्डमध्ये आधीच करून ठेवावी. मग पायऱ्या, क्रमाने, एकेका ओळीत. काय व्हायला हवं होतं, काय झालं. दहा वेळा करून पाहिलं तर किती वेळा झालं. दहापैकी दहा वेळा होणारा बग संध्याकाळपर्यंत सुटतो. दहापैकी एकदा होणारा बग महिनाभर मानगुटीवर बसतो, आणि म्हणूनच ‘दहापैकी एकदा’ ही माहिती आधी हवी. गेम कोसळला असेल तर लॉग फाइल, म्हणजे गेम चालताना स्वतःच लिहीत जातो ती रोजनिशी, आणि ती गेम पुन्हा चालू करण्याआधी काढलेली, कारण पुष्कळ गेम सुरू होताना जुना लॉग पुसून नवा लिहायला घेतात. मॉड, म्हणजे खेळाडूंनीच बनवून गेमला जोडलेले बदल, बंद करून पाहिलं का, हा प्रश्न तर फॉर्ममध्ये सर्वात वर ठेवावा. निम्मा वेळ वाचतो.

प्रत्यक्षात काय येतं? मोबाइलने काढलेला स्क्रीनचा फोटो, त्यात गेमपेक्षा ट्यूबलाइटचं प्रतिबिंब जास्त. चाळीस मिनिटांचा व्हिडिओ, बग कितव्या मिनिटाला आहे ते न सांगता. एकाच तक्रारीत पाच बग, त्यातले दोन सुटले की तक्रार बंद करायची की उघडी ठेवायची, हा नवाच घोळ. आणि ‘सगळ्यांनाच होतंय’ हे वाक्य, ज्यातले सगळे म्हणजे साधारण दोन मित्र. यात चाहत्याचा दोष कमी आहे. लिहायला कुणी शिकवलेलंच नसतं. पहिल्या आठवड्यात एक नमुना तक्रार दाखवली, आणि ज्यांची तक्रार नीट आली त्यांना ‘यावरून बग सापडला, हा असा होता’ एवढं दोन ओळींचं उत्तर पाठवलं, तर तिसऱ्या आठवड्यापर्यंत तीच माणसं पगारी टेस्टरला लाजवतील असं लिहायला लागतात. उत्तर न मिळालेला माणूस चौथी तक्रार सहसा पाठवत नाही.

दुबार तक्रारींचाही लोकांना उगीच राग येतो. एकच बग चाळीस जणांनी कळवला तर एकोणचाळीस कचऱ्यात टाकायच्या नसतात, पहिलीला जोडायच्या असतात. कुठल्या ग्राफिक्स कार्डवर होतंय, कुठल्या भाषेत होतंय, हे त्या एकोणचाळिसांतूनच बाहेर येतं.

प्रागमध्ये बनलेल्या ‘फॅक्टोरिओ’त तर साक्ष घ्यायची सोय गेमच्या पोटातच आहे. एकत्र खेळताना तिथे जग कुणीच कुणाला पाठवत नाही. पट्टे, भट्ट्या, रोबो, हजारो वस्तू सेकंदाला साठ वेळा हलणार, ते सगळं जाळ्यावरून पाठवणं परवडणारच नाही. म्हणून फक्त कुणी कुठे बोट ठेवलं एवढंच जातं, आणि प्रत्येक संगणक आपापल्या घरी तेच जग नव्याने मोजतो. मोजणी अगदी तंतोतंत जुळली पाहिजे. अधूनमधून प्रत्येकाच्या जगाची एक बेरीज काढून ताडून पाहतात, आणि ती जुळली नाही की डीसिंक. त्या क्षणी गेम एक झिप फाइल बनवतो, तिच्यात जगाच्या दोन प्रती, एक बरोबर मानलेली आणि एक भरकटलेली. खेळाडूने फक्त ती चढवायची. मग दोन प्रती शेजारी ठेवून कुठे फाटलं ते शोधायचं. मॉडमुळे होणाऱ्या डीसिंकचं नेहमीचं कारण असं की लिहिणाऱ्याने आकडा सेव्हमध्ये न जाणाऱ्या चलात, म्हणजे कोडमधल्या तात्पुरत्या कप्प्यात, ठेवलेला असतो. जो पहिल्यापासून खेळतोय त्याच्याकडे तो आकडा असतो, जो मध्येच येऊन बसतो त्याच्याकडे नसतो, आणि दोघांची जगं त्या क्षणापासून वेगळ्या वाटेने जातात. जेवणाच्या पंगतीत उशिरा आलेल्याला मीठ वाढायचं राहून जातं, तसं. मला या झिप फाइलचं अप्रूप वाटतं ते तिच्या नम्रपणाचं. खेळाडूला काय वाटतं ते ती विचारतच नाही.

कारण चाहता बोलायला लागला की औषधासकट बोलतो. दुखणं सांगायच्या आधी गोळीचं नाव. ‘धनुर्धारी फार भारी झालेत, त्यांचा मारा वीस टक्के कमी करा.’ हे वाक्य वाचून मारा वीस टक्के कमी केला तर आठवड्याने उलट्या बाजूची तीच ओरड येते. मारा जास्त नसतोच कित्येकदा. धनुर्धारी दिसायच्या आधी त्यांचा आवाज यायला हवा तो त्या खोलीत येत नसतो, मेलेल्याला कुठून मेलो ते कळत नाही, आणि न कळलेलं मरण नेहमी अन्यायाचं वाटतं. ‘ड्वार्फ फोर्ट्रेस’मध्ये एके काळी नदीतल्या कार्प माशांनी असाच उच्छाद मांडला होता. काठाने जाणाऱ्या बुटक्यांना हे मासे ओढून नेत, चिरडत. माशाचे दात कमी करा, ही मागणी साहजिक. पण खरं कारण दातांत नव्हतं. पोहण्याचं कौशल्य वाढलं की अंगातली ताकद वाढायची, असा नियम होता, आणि मासा तर जन्मभर पोहतच असतो. बुटका आठवड्यातून दोनदा व्यायाम करणार आणि मासा चोवीस तास तालमीत. साक्ष अचूक होती, औषध चुकीचं ठरलं असतं.

अशा वेळी विचारायचा प्रश्न एकच असतो: त्याच्या अगदी आधी काय करत होतास?

आता उलटी बाजू. ज्या डोळ्यांनी मांजर पाहिलं तेच डोळे दुसऱ्या कामाला निकामी असतात. गाण्याच्या मैफलीत पहिल्या रांगेत बसणारा दर्दी श्रोता गवयाची अर्धी श्रुती घसरली तरी मान वर करतो, पण नवख्या माणसाला तासभराच्या विलंबितात जांभई का येते हे त्याला सांगता येणार नाही. जांभई कशी असते हेच तो विसरलेला असतो. ‘ड्वार्फ फोर्ट्रेस’ २००६ पासून अक्षरांनी रेखाटलेलं जग होतं, कीबोर्डच्या कळांच्या जंजाळातून चालवायचं. जुन्या खेळाडूंच्या बोटांना ते पाठ झालं होतं, देवळाच्या पायऱ्या अंधारात चढाव्यात तसं. त्यांनी सोळा वर्षांत हजारो बग कळवले. पण दारातून आत शिरताच परत फिरलेली माणसं कुठल्याच नोंदवहीत नसतात. तक्रार करायलाही आधी खेळता यावं लागतं. ६ डिसेंबर २०२२ ला स्टीम या गेम विकणाऱ्या ऑनलाइन दुकानावर आवृत्ती आली, माउस चालायला लागला, बुटक्यांना चेहरे मिळाले, आणि इतकी वर्षं बाहेरच्या बाहेर राहिलेली गर्दी एकदम आत आली.

म्हणून नवखा टेस्टर ही एकदाच वापरता येणारी वस्तू आहे. अमेरिकेतल्या गेमवाल्यांत अशा टेस्टरला ‘क्लीनेक्स’ या टिश्यू पेपरच्या ब्रँडवरूनच नाव पडलंय. एकदा त्याने दार कुठे आहे ते पाहिलं की तो नवखा उरत नाही. साठ उत्सुक चाहत्यांची यादी हाताशी असेल तर उत्साहाच्या भरात साठही जणांना पहिल्याच दिवशी आत घेणं ही नेहमीची चूक. पहिल्या बिल्डला आठ-दहा पुरतात. सुरुवातीचा भाग सुधारला की पुढचे आठ-दहा, अगदी कोरे. पंधरा जण तर शेवटच्या महिन्यासाठी झाकून ठेवावेत, कितीही मागे लागले तरी. स्टीमवर ‘प्लेटेस्ट’ची वेगळी सोय आहे, मूळ गेमच्या पानाला जोडलेली पण स्वतंत्र, त्यामुळे कच्च्या बिल्डवर लोकांचे रिव्ह्यू पडत नाहीत आणि आत किती जणांना घ्यायचं ते आपल्या हातात राहतं. जुन्या जाणत्यांसाठी मूळ गेमचीच परवलीच्या शब्दाने उघडणारी बीटा, म्हणजे अजून तपासणीत असलेली, शाखा बरी. दोन गट वेगळे ठेवायचे आणि त्यांच्या गप्पांची जागाही वेगळी ठेवायची. नाहीतर जुने लोक प्रेमाने नवख्यांना दार कुठे आहे ते सांगून टाकतात, आणि टेस्ट तिथेच संपते.

सांगायचा हा मोह सगळ्यात अनावर असतो तो बनवणाऱ्याला. ‘हाफ-लाइफ’ १९९८ च्या नोव्हेंबरात आला, त्याआधी तो बनवणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीने दोनशेहून जास्त बैठका घेतल्या. परिसरात राहणाऱ्या ज्यांनी त्याची प्रकाशक कंपनी सिएरा हिच्या जुन्या गेमची नोंदणी-कार्डं पाठवली होती, त्यांच्यातून माणसं बोलावली. एक खेळाडू, दोन तास, आणि त्याच्या पाठीमागे तो भाग ज्यांनी बनवला ते लोक. गेम अडकला तर पुन्हा चालू कसा करायचा एवढंच सांगायची परवानगी, बाकी अवाक्षर नाही. एका बैठकीतून शंभरेक दुरुस्त्या निघायच्या. पाठीमागे बसणाऱ्याची अवस्था डोळ्यांसमोर आणून पाहा. दरवाजा डाव्या हाताला आहे, त्याच्यावर दिवा आहे, दिवा लुकलुकतोय, आणि समोरचा माणूस वीस मिनिटं भिंतीशी टकरा घेतोय. नाटकाच्या विंगेत उभं राहून नट वाक्य विसरलेला बघायचं आणि प्रॉम्प्टिंग करायचं नाही. त्या वीस मिनिटांत जे कळतं ते शंभर प्रश्नावल्यांतून कळत नाही.

खुर्ची शेजारी ठेवायची नाही, मागे ठेवायची. शेजारी बसलं की चेहरा बोलतो. वहीत तीन रकाने पुरतात, वेळ, जागा, आणि माणसाने काय करून पाहिलं. चौथा रकाना, म्हणजे आपल्याला काय वाटलं, तो बैठक संपल्यावर भरावा. शेवटी ‘आवडलं का?’ विचारायचं नाही. आपल्याकडे पोह्यांची बशी पुढे करून आवडले का म्हटलं तर कोण नाही म्हणणार? बशीत किती उरलं ते बघायचं. गेममध्ये त्या उरलेल्या पोह्यांच्या जागी असतं लोकांनी गेम कुठे बंद केला ते. ‘हेलो ३’च्या वेळी, २००७ मध्ये, सहाशेच्या आसपास लोकांचा तीन हजार तासांहून जास्त खेळ तपासला गेला होता, कोण कुठे मेलं त्याचे नकाशे काढून. ज्या कोपऱ्यावर लाल ठिपक्यांची रांगोळी झाली तिथे काहीतरी चुकलंय हे दिसतं. काय चुकलंय ते मात्र नकाशा सांगत नाही. त्यासाठी पुन्हा मागची खुर्ची.

आपल्या भाषेचा एक बग इथे सांगितलाच पाहिजे, कारण तो पकडायला आपलाच माणूस लागतो. मराठी किंवा हिंदी मजकूर गेममध्ये घातला की पुष्कळदा पहिली वेलांटी अक्षराच्या उजवीकडे जाऊन बसते आणि जोडाक्षरं पाय मोडून शेजारी-शेजारी उभी राहतात. ‘शक्ती’चा ‘क’ हलंत होऊन ‘त’च्या आधी लटकतो. कारण साधं आहे. आपल्या लिपीत साठवायचा क्रम आणि दिसायचा क्रम वेगळा, आणि ती जुळवाजुळव करणारा भाग सगळ्या इंजिनांत, म्हणजे गेम बनवायच्या तयार सॉफ्टवेअरांत, नसतो. युनिटी या इंजिनात मजकूर दाखवायला वर्षानुवर्षं वापरलं गेलेलं टेक्स्टमेशप्रो अक्षरं एकापुढे एक नुसती मांडतं. गोदो ४ या इंजिनात ही सोय मुळातच आहे. भाषांतर तपासणाऱ्याने मजकूर एक्सेलसारख्या तक्त्यात वाचला असेल तर त्याला सगळं ठाकठीक दिसतं, कारण तक्ता जोडाक्षरं नीट जोडतो. गेम चालू करून, तो संवाद येईपर्यंत खेळून, मराठी वाचणाऱ्या डोळ्यांनी पडद्यावर पाहिल्याशिवाय हा बग सापडत नाही. ज्याला आपली भाषा त्या जगात दिसावी अशी आस आहे, तोच तेवढं खेळतो.

पगारी टेस्टरची जागा यातून जात नाही, हे चाहत्यांच्या कौतुकात विसरलं जातं. पुण्यात युबिसॉफ्टचा स्टुडिओ २००८ पासून आहे, आणि गेमची तपासणी हा शहरातल्या बऱ्याच तरुणांच्या पोटापाण्याचा भाग झालाय. ते काम प्रेमाने होणारं नव्हे. सेव्ह होत असताना कंट्रोलरची वायर उपसायची. साठवणीची जागा भरून ठेवायची आणि मग सेव्ह करायचं. एकच मेनू बारा भाषांत उघडून जर्मन शब्द बटणाबाहेर लोंबतोय का ते पाहायचं. दिवसभर एकाच खोलीच्या भिंतींना इंच-इंच अंग घासत चालायचं, कुठे आरपार जाता येतं का ते शोधायला. कन्सोल बनवणाऱ्या कंपन्यांच्या तपासणीत गेम आपटतो तो नेमका असल्या गोष्टींवर, आणि कुठलाही चाहता शनिवारच्या रात्री हे करत बसणार नाही. त्याने करूही नये.

आणि त्याच्याकडून किती घ्यायचं, हा प्रश्न मनाच्या कोपऱ्यात पडून राहतोच. ‘अल्टिमा ऑनलाइन’च्या बीटाची सीडी लोकांनी पाच डॉलर भरून मागवली होती. टेस्ट करायला पैसे देणारी माणसं! ९ ऑगस्ट १९९७ ला त्या बीटात सर्व्हरवर शक्य तितकी गर्दी करून पाहत होते, आणि गेमचा कर्ता रिचर्ड गॅरियट राजा लॉर्ड ब्रिटिशच्या वेषात प्रजेला दर्शन देत होता. सर्व्हर मध्येच पडला होता. परत आत शिरताना राजाला अमर ठेवणारी खूण लावायची राहून गेली. रेन्झ नावाने खेळणाऱ्या एकाने चोरलेल्या मंत्रपत्रातून आगीची रेघ ओढली आणि राजा सगळ्यांदेखत मेला. रेन्झला बीटातून काढून टाकलं गेलं. कंपनीचं म्हणणं, तो आधीपासून पळवाटा वापरत होता आणि कळवत नव्हता. असेलही. तरी या प्रकरणात माझं मन दोन्हीकडे ओढलं जातं. अमर मानलेला राजा मरतो का ते करून पाहणं, याहून शुद्ध टेस्टिंग दुसरं कुठलं? पण नुसतं करून पाहणारा आणि कळवणारा यांच्यात फरक आहे, हेही खरं. त्याच गेमच्या स्वयंसेवकांनी पुढे २००० साली मजुरीसाठी दावा लावला. वेळापत्रक, हजेरी, कामाच्या पाळ्या आल्या की हौस कुठे संपते आणि नोकरी कुठे सुरू होते ते वकिलांना विचारावं लागतं. सोपी खूणगाठ अशी की ज्या कामाची तारीख आपण ठरवतो, त्याचे पैसे द्यावेत. ज्याची तारीख चाहता ठरवतो, त्याचं नाव श्रेयनामावलीत छापावं, आणि स्पेलिंग त्याला विचारून छापावं. ॲडम्स बंधू देणगी पाठवणाऱ्यांना खडूने चित्र काढून पाठवायचे. तो मोबदला नव्हे हे दोन्ही बाजूंना ठाऊक होतं, म्हणून तो चालला.

मतदान हा आणखी एक रस्ता. ‘ओल्ड स्कूल रूनस्केप’ २०१३ पासून नवी गोष्ट आणायची तर खेळाडूंचं मत घेतं. आधी पंच्याहत्तर टक्के होकार लागायचा, २०२२ मध्ये तो सत्तरवर आणला. जुन्यांचा विश्वास यातून टिकला हे मान्य. पण मत देतो तो आत असलेला माणूस. सोसायटीच्या सभेत पार्किंग वाढवायचा ठराव मंजूर होतो, भाडेकरूंना अजून घर मिळायचंय, ते सभेला नसतात. आइसलंडच्या ‘ईव्ह ऑनलाइन’ने २००८ पासून वेगळा मार्ग धरला. खेळाडू आपले प्रतिनिधी निवडतात, ते गुप्ततेच्या करारावर सही करून आतल्या योजना बघतात. त्याची सुरुवात कौतुकातून झाली नव्हती. आदल्या वर्षी कंपनीतल्याच एकाने आपल्या टोळीला गेममधल्या दुर्मीळ वस्तू दिल्याचं उघड झालं होतं. चाहते घरात आले ते पहारेकरी म्हणून.

काही चाहते मात्र सरळ घरचेच होऊन जातात. ‘काउंटर-स्ट्राइक’ हा हौशी मॉड होता, २००० मध्ये व्हॉल्व्हने तो कर्त्यांसकट घेतला. २०१२ मध्ये ‘माइनक्राफ्ट’वाल्यांनी बक्किट हे त्या गेमच्या सर्व्हरसाठीचं हौशी सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांना कामावर घेतलं. २०१७ चा ‘सॉनिक मेनिया’ तर सॉनिकचे चाहते म्हणूनच नावारूपाला आलेल्यांनी केला. ‘ड्वार्फ फोर्ट्रेस’च्या बुटक्यांना चेहरे दिले तेही मेफ आणि मेडे या नावांनी चाहत्यांसाठी फुकट चित्रसंच बनवणाऱ्यांनी. ज्याने वर्षानुवर्षं बाहेरून कुलूप चाचपलं त्याच्या हातात किल्ली द्यावी, यात न्याय आहे. थोडं वाईटही वाटतं. किल्ली हातात आली की तो गेम पुन्हा खेळता येत नाही. आता तो ज्याच्याकडे बघेल त्यात त्याला काम दिसेल.

टार्नच्या जोडीला कोड लिहायला दुसरा माणूस आला तो स्टीमवरच्या आवृत्तीच्या सुमारास. पुटनम या टोपणनावाने ओळखल्या जाणाऱ्या, या गेमचे मॉड करण्यात वर्षं घालवलेल्या व्यक्तीला कामावर घेतलं गेलं. वीस वर्षं एकाच माणसाच्या हातात असलेला कोड पहिल्यांदा दुसऱ्या कुणी उघडला, आणि उघडणाऱ्याला तो आतून नाही, पण बाहेरून पाठ होता. आता लोकांच्या सेव्ह फाइली तिकडेही जातात. कुणाची वस्ती दोनशे बुटके झाले की संथ होते, कुणाचा लोहार भट्टीपाशी उभा राहतो आणि हलत नाही. फाइल उतरवायची, त्या परक्या डोंगरात शिरायचं, घड्याळ थांबवायचं, आणि फरशीवर काय सांडलंय ते एकेका चौकोनात बघत जायचं. दारू, चिखल, ओकारी, रक्त. गेम ते सगळं लिहून ठेवतो, मांजराच्या कुठल्या पंजाला काय लागलंय इथपर्यंत.